गोंधळ : मांडलेला आणि घातलेला

"काल रात्रभर गोंधळ घातला."

एकाच वाड्यातली दोन माणसे एकाच सकाळी हे वाक्य बोलू शकतात. खालच्या मजल्यावर नुकतेच लग्न झाले आहे. तिथले आजोबा जागरणाने तांबारलेल्या डोळ्यांनी पाहुण्यांना हे सांगतात, तेव्हा कुलदेवीचे देणे फिटल्याचे समाधान त्यांच्या आवाजात असते. वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाडकरू दूध आणायला जिना उतरताना समोर भेटलेल्याला हेच सांगतात, तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी असते. शब्द तेच, क्रियापद तेच आणि गंमत म्हणजे घटनाही तीच. एक जण चौकासमोर मांडी घालून बसला होता, दुसरा उशीत डोके खुपसून पडला होता, एवढाच काय तो फरक.

या शब्दाला दोन अर्थ कसे चिकटले याचा शोध घ्यायचा तर त्या दोघांमधला जिना चढावा-उतरावा लागतो.

तसे पाहिले तर आवाजाच्या शब्दांची मराठीला ददात नाही. पाखरांचा कलकलाट, शाळा सुटल्यावरचा गलका, मंडईतला गोंगाट, सभागृहातला गदारोळ, लग्नघरातला गलबला. यांतला एक उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवला की कानाला खटकते. गदारोळात कोणीतरी कोणाच्या तरी विरोधात असावे लागते, गलक्याला शत्रू लागत नाही. गहजब मूळच्या अरबी शब्दावरून आला. तिकडे त्याचा अर्थ राग, कोप. म्हणून अजूनही गहजब 'होतो' तो कोणाच्या तरी कृत्यावर, उगाच नाही. खेड्यात 'काय कालवा लावलाय' म्हणतात, आणि शहरी माणसाच्या डोळ्यांसमोर पाटबंधारे खाते येते.

पण हे सगळे शब्द कानाचे आहेत. गोंधळ एकटाच कानातून आत उतरला आणि डोक्यात जाऊन बसला. 'माझा गोंगाट झाला' असे कोणी म्हणत नाही. 'माझा गलका उडाला' हेही नाही. 'माझा गोंधळ उडाला' मात्र आपण रोज म्हणतो, आणि तेव्हा आजूबाजूला अगदी टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असू शकते. परीक्षेच्या खोलीत प्रश्नपत्रिका हातात आल्यावर होतो तो गोंधळच. त्याला ना संबळ लागते, ना दिवटी.

ज्याला या दोन्ही गोष्टी लागतात, त्या गोंधळाकडे आता वळू.

लग्न, मुंज, जावळ असे मंगलकार्य पार पडले की कुलदेवीच्या नावाने गोंधळ घालण्याची चाल महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत आहे. काही कुळांत तो कुळाचारच असतो. राहून गेला तर देवीचे ऋण राहिले असे घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटत राहते. गोंधळ घालणारे ते गोंधळी. त्यांच्यात दोन मुख्य शाखा. माहूरच्या रेणुकेचे उपासक ते रेणुराई आणि तुळजापूरच्या भवानीचे उपासक ते कदमराई. अंगात पायघोळ झगा, डोक्याला पागोटे, कपाळभर कुंकू आणि गळ्यात कवड्यांची माळ. ही माळ भवानीच्या भक्ताची खूण. तिच्याशिवाय गोंधळी उभा राहत नाही.

सुरुवात होते ती मांडण्यापासून. पाटावर किंवा चौरंगावर नवे कापड, बहुधा चोळीचा खण, अंथरायचे. त्यावर धान्याचा चौक भरायचा, त्यावर पाण्याचा कलश, कलशावर विड्याची पाने आणि नारळ. भोवती सुपाऱ्या, हळकुंडे, खारका. उसाची किंवा जोंधळ्याची ताटे वर एकत्र बांधून या सगळ्यावर मखरासारखी उभी करायची. देवीचा टाक ठेवायचा. मग दिवटी पेटते. शेजारी बुधलीत तेल असते, ते दिवटीवर ओतत राहायचे, कारण कार्यक्रम संपेपर्यंत ती विझून चालत नाही. चौक मांडताना कोणती वस्तू आधी आणि कोणती नंतर, काय उजवीकडे आणि काय डावीकडे, हे ठरलेले असते आणि घरातल्या एखाद्या बाईने सुपारी जरा सरकवली तर गोंधळी ती गुपचूप पुन्हा जागेवर ठेवतो. ज्या शब्दाचा अर्थ आपण अव्यवस्था असा करतो, त्याचा पहिला अर्धा तास असा वस्तू नेमक्या जागी ठेवण्यात जातो.

पुढचा क्रमही असाच बांधलेला. आधी गण, म्हणजे गणपतीचे स्तवन. मग आवाहन. कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडेराव, पंढरीचा विठोबा अशा गावोगावच्या देवतांना नाव घेऊन एकेक करून बोलावले जाते. हा भाग ऐकताना नकाशावर बोट फिरवल्यासारखे वाटते. देव 'आले' की देवीची पदे, त्यानंतर आख्यान आणि शेवटी आरती. आख्यानात मुख्य नायक कथा सांगतो आणि त्याचा जोडीदार मध्येमध्ये नाक खुपसतो, भलतेच प्रश्न विचारतो, हसवतो आणि नायकाला पुन्हा कथेच्या वाटेवर आणून सोडतो. दोघांच्या मागे एक जण संबळ वाजवतो, एक तुणतुणे. चार माणसांत देवळातली पूजा, कीर्तन, नाटक आणि गंमतजंमत एवढे सारे उभे राहते. द्रौपदीच्या मनात कर्णाबद्दलही ओढ होती आणि ती एका जांभळाने उघडी पाडली, ही कथा सांगणारे 'जांभूळ आख्यान' याच परंपरेतले. शाहीर विठ्ठल उमप यांनी ते रंगभूमीवर आणले आणि गोंधळ कधी न पाहिलेल्या शहरी प्रेक्षकांनाही ते ठाऊक झाले. परभणीचे राजारामभाऊ कदम यांना लोकांनी 'गोंधळमहर्षी' म्हटले. 'गोंधळ' आणि 'महर्षी' हे दोन शब्द जोडून आले तर नव्या पिढीतल्या मुलाला हसू येईल, पण त्या हसण्यातच शब्दाची सारी घसरण आहे.

याच गोंधळ्यांकडे एक अशी विद्या होती, जिच्याबद्दल वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसून राहिलो होतो. तिचे नाव करपल्लवी. हाताच्या आणि बोटांच्या खुणांनी बोलण्याची सांकेतिक भाषा. प्रेक्षकांतल्या कोणी एका गोंधळ्याच्या कानात एखादे नाव सांगायचे. त्याने तोंडातून अक्षर न काढता बोटे हलवायची. आणि लांब उभ्या असलेल्या दुसऱ्याने ते नाव खणखणीत आवाजात सांगायचे. लोक थक्क व्हायचे. ज्यांच्या नावावरून भाषेने कल्लोळाला नाव दिले, त्यांनी आपसांत बोलायला निःशब्द भाषा घडवली होती!

हा विधी आला कुठून? गोंधळी स्वतः सांगतात ती कथा परशुरामाची आहे. त्याने दैत्याला मारले, त्याच्या मस्तकाचे आणि शिरांचे वाद्य केले आणि ते वाजवत तो आपल्या आईला, रेणुकेला, वंदन करायला गेला. त्या वाद्याचे तुणतुणे झाले आणि त्या वंदनाचा गोंधळ.

ग्रंथांत शिरले तर वाट कल्याणकडे जाते. मुंबईजवळचे नव्हे, चालुक्यांची राजधानी असलेले, आज बिदर जिल्ह्यात बसवकल्याण म्हणून ओळखले जाणारे. बाराव्या शतकात तिथे तिसरा सोमेश्वर राज्य करत होता. पाककृतींपासून हत्ती पकडण्यापर्यंत सर्व काही सांगणारा 'मानसोल्लास' हा ग्रंथ त्याचाच. पुढच्या शतकात, काकतीयांच्या दरबारातला जायप सेनापती आपल्या 'नृत्तरत्नावली'त एक हकिगत देतो. कल्याणात भूतमातेचा उत्सव चालला होता. भिल्लिणीचा वेष घेतलेली एक स्त्री गात होती, नाचत होती. राजाला ते इतके आवडले की त्याने त्यावरून एक नृत्यविधी बसवला आणि त्याला 'गोंडली' नाव दिले. कारण महाराष्ट्रात भिल्लिणीला 'गोंडिनी' म्हणत. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तही हे नृत्य येते. या गोंडलीचाच पुढे गोंधळ झाला, असे एक मत आहे. ध्वनीचे नियम लावून ते काटेकोर सिद्ध करणे कठीण, पण मातृदेवता, रात्रीचा उत्सव, नाच आणि गाणे हे सारे दोन्हीकडे जुळते, आणि मला ते पटते. हकिगतीतला राजा जिना उतरून खाली आला होता, हेही विसरू नये. लांबून जे रानटी वाटले असते ते त्याने जवळ जाऊन पाहिले आणि त्याला त्यात रचना दिसली.

सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी आपल्या भारुडांत लोकांच्या रोजच्या पाहण्यातली सोंगे घेतली, त्यांत गोंधळही आहे. विधीतल्या वस्तूंना त्यांनी अध्यात्माचे अर्थ दिले. याचा अर्थ असा की ज्यांच्यासाठी ते लिहीत होते त्यांना गोंधळाची प्रत्येक पायरी ठाऊक होती. ठाऊक नसलेल्या गोष्टीवर रूपक रचता येत नाही. आणखी एक ऋण गोंधळ्यांचे आहे. मराठ्यांच्या इतिहासातले पोवाडे पिढ्यानपिढ्या तोंडपाठ ठेवणाऱ्यांत ते पुढे होते. १८९१ साली अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हा त्यातला बराच ठेवा या गाणाऱ्यांच्या गळ्यातूनच कागदावर उतरला. म्हणजे इतिहास नीट लावून ठेवण्याचे काम करणारे लोक कोण, तर गोंधळ घालणारे.

तरीही शब्द घसरला, आणि तो काही कालपरवा नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. त्यात गोंधळ शब्दाखाली आधी देवीप्रीत्यर्थ केलेला विधी आहे आणि मग गडबड, अव्यवस्था हा अर्थ आहे. विधीचे वर्णन करतानासुद्धा कोशकाराने त्याला गलबल्याचा उत्सव ठरवले आहे. कोशकार कुठे उभा राहून ऐकत होता, ते यावरून कळते. मात्र सारा दोष साहेबाच्या माथी मारणेही बरोबर नाही. दुसरा अर्थ त्याने घरी बसून काढलेला नाही, मराठी माणसांच्या तोंडून ऐकूनच त्याने तो नोंदवला. गोंधळाला बाहेरून ऐकणारे आपलेही पुष्कळ होते.

बाहेरून ऐकले की काय होते, याला एक साधे कारण आहे, आणि ते वाद्यात आहे. संबळ म्हणजे एकमेकांना बांधलेले दोन लहान नगारे. कमरेला अडकवून काठ्यांनी वाजवायचे. उघड्यावर, गर्दीत, माणसांच्या बोलण्यावर मात करून ऐकू जावे असाच त्याचा आवाज असतो. तुणतुण्याला एकच तार, तिचा एकच टोकदार स्वर. हे दोन्ही आवाज दोन गल्ल्या ओलांडून जातात. माणसाचे बोलणे तितके दूर जात नाही. त्यातही आधी हरवतात ती व्यंजने, आणि शब्दाची ओळख तर व्यंजनांवरच असते. म्हणून चौकासमोर बसलेल्याला गण, आवाहन, पदे, आख्यान, सारे शब्दांसह ऐकू येते. दोन घरे पलीकडच्याला नुसती आरोळी आणि ठोके. कथा वाटेतच गळून पडते आणि आवाज तेवढा खिडकीतून आत शिरतो. रात्री बारा वाजता, झोपमोड झालेल्या अवस्थेत, अर्थ वजा झालेल्या त्या आवाजाला माणूस काय नाव देणार? चौकशी केली असता उत्तर मिळाले असणार, 'गोंधळ चाललाय.' त्याने तोच शब्द उचलला.

ही माझी कल्पना आहे, पण ती नुसती हवेतली नाही. कारण त्या रात्री गोंधळ एकटाच घसरला नाही, सगळा ताफाच त्याच्याबरोबर घसरला. तुणतुणे घ्या. एका तारेचे ते वाद्य, स्वर धरून ठेवणे हे त्याचे काम, आणि तो स्वर ढळला तर गाणारा भरकटेल. आपण म्हणतो, 'लावले पुन्हा तेच तुणतुणे.' आख्यान घ्या. तासन्‌तास लोकांना खिळवून ठेवणारी ती कला. आपण म्हणतो, 'आता त्याचे आख्यान सुरू होईल, चला उठा.' दिवटी घ्या. तिचा थोरला भाऊ दिवटा, म्हणजे मशाल. घराण्याचा उजेड म्हणून ज्याच्याकडे पाहावे त्या मुलाने दिवे लावले की तो होतो 'दिवटे चिरंजीव'. देवीच्या नावाने मागायचा जोगवा आता निवडणुकीत मतांसाठी मागितला जातो. आणि तेल? 'नमनालाच घडाभर तेल' ही म्हण दिवट्या-मशालींच्या उजेडात चालणाऱ्या खेळांतूनच निघाली. सुरुवातीच्या स्तवनातच घडाभर तेल जाळले तर आख्यान अंधारात करायचे का, हा व्यवहारी सवाल तिच्यात आहे. संबळ तेवढे या टवाळीतून सुटले. त्याचा आवाज इतका मोठा की त्याची थट्टा करणाऱ्याला स्वतःचेच बोलणे ऐकू येत नसावे.

उत्सवाचा आवाज शब्द होऊन उरतो, ही खोड मराठीची जुनी आहे. शिमग्यात पालथ्या हाताने बोंब मारायची परवानगी असते, म्हणून कोणी आरडाओरडा केला की त्याने 'शिमगा केला'. आणि भांडण मिटल्यावरही बोलणी चालू राहिली तर शिमगा गेला, कवित्व उरले. तमाशा हा शब्द अरबीतून आला, तिथे तो फेरफटका मारण्याशी, मग पाहण्याजोग्या गोष्टीशी निगडित होता. इकडे त्याची रंगभूमी झाली, आणि तिच्याच नावाने रस्त्यावरची शोभा. 'उगाच तमाशा करू नको' असे आई पोराला दटावते तेव्हा तिच्या मनात ढोलकी नसते.

यांतला सर्वांत विलक्षण शब्द हैदोस. आज वर्तमानपत्रांत बिबटे हैदोस घालतात, माकडे घालतात, गुंड तर घालतातच. जुन्या कोशांमधून याचे मूळ मोहरममध्ये सापडते. ताबुतांबरोबर नाचणारे लोक 'हाय दोस्त' असा आक्रोश करीत, त्याचा आपल्या कानांनी हैदोस केला. तो शोकाचा उद्गार होता, करबलाच्या आठवणीतला. आता गंमत पाहा. त्याच मिरवणुका ब्रिटिश शिपाईही पाहत होते. त्यांच्या कानावर 'या हसन, या हुसेन' पडत होते. त्यांनी त्याचे 'हॉब्सन-जॉब्सन' केले आणि हिंदुस्थानी लोकांच्या कुठल्याही गाजावाजाच्या उत्सवाला ते नाव लावू लागले. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश काढला, तेव्हा त्यांनी हेच त्याचे शीर्षक ठेवले. एकाच शोकयात्रेचे पुण्या-साताऱ्याकडच्या रस्त्यावर दोन शब्द झाले असतील, एक मराठी आणि एक इंग्रजी, आणि दोघांनीही शोक गाळून आवाज ठेवला.

साहेबाच्या स्वतःच्या देशातही हेच झाले होते. लंडनला १२४७ साली बेथलेहेमच्या मेरीच्या नावाने एक मठ निघाला. त्याचे पुढे मनोरुग्णांचे रुग्णालय झाले, लोकांच्या तोंडी नावाचे 'बेडलम' झाले, आणि अठराव्या शतकात तर लोक करमणूक म्हणून तिथल्या रोग्यांना पाहायला जात. आज इंग्रजीत बेडलम म्हणजे हलकल्लोळ. तो शब्द आतल्यांनी नाही, बघ्यांनी घडवला. 'पँडेमोनियम'ची कथा तर गोंधळाच्या अगदी जवळची. हा शब्द मिल्टनने १६६७ च्या आपल्या महाकाव्यासाठी तयार केला, अर्थ सर्व दैत्यांचे स्थान. पण काव्यात ते भव्य सभागृह आहे. दैत्य तिथे रीतसर सभा भरवतात, एकामागून एक उठून भाषणे करतात, ठराव करतात. आपल्या कितीतरी सभागृहांपेक्षा शिस्त बरी! लोकांनी फक्त 'दैत्यांचा जमाव' एवढेच लक्षात ठेवले आणि कल्लोळाला ते नाव दिले.

रशियन भाषेत जत्रेतल्या खेळाच्या तंबूला बालागान म्हणत. त्या खेळांवरून रशियनमध्ये तो शब्द पोरकटपणा आणि गडबड यांसाठी आला, आणि आजच्या हिब्रूत बालागान म्हणजे सरळ गोंधळ. लोकनाट्य आणि अव्यवस्था एकाच शब्दात नांदण्याची ही दुसरी जोडी. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली घरांतून अजून मराठी बोलली जाते. तिथल्या एखाद्या आजीला नातवंडांवर ओरडताना हे दोन्ही शब्द हाताशी असतील, आणि दोन्ही रंगभूमीवरून खाली उतरलेले.

घराजवळचा दाखला हवा तर सीमा ओलांडून कन्नडात जावे. तिथे 'गोंदल' म्हणजे मनाची किंवा कारभाराची गडबड; आणि उत्तर कर्नाटकात देवीची गाणी गाणारे ते गोंदलिग. दोन्ही भाषांनी तोच विधी पाहिला, दोघींनी तोच निष्कर्ष काढला. हकार तेवढा मराठीने जास्तीचा घेतला.

आता क्रियापदांकडे पाहू, कारण या शब्दाची खरी किल्ली तिथे आहे. गोंधळ मांडतात, घालतात, करतात. तो होतो, उडतो, माजतो. गोंधळात पडतात, आणि झालेला गोंधळ कोणाला तरी निस्तरावा लागतो. 'मांडणे' हे चौक मांडण्यावरून आलेले. देवीचा गोंधळ मांडतात. 'गोंधळ मांडला आहे' असे कोणी रागाने म्हणाले तरी त्यात आपण नकळत पाटावरचा खण अंथरलेला असतो. 'घालणे' दोन्ही बाजूंना चालते, म्हणून सुरुवातीच्या वाक्यात घोटाळा झाला. 'उडणे' आणि 'पडणे' मात्र फक्त दुसऱ्या अर्थाच्या गोंधळाला. देवीचा गोंधळ कधी उडत नाही. परक्याला मराठी शिकवताना शब्दार्थ पाठ करून घेण्यापेक्षा ही क्रियापदे शिकवली तर तो कमी गोंधळेल. ('गोंधळणे' हे क्रियापदच तयार झाले, ही शब्दाच्या यशाची आणखी एक खूण. गलक्याचे 'गलकणे' झाले नाही.)

सावळागोंधळ ही तर पुढची पायरी. याला आवाजच नसतो. कार्यालयात तीन खिडक्या, तिन्हींवर वेगवेगळे नियम, चौथा माणूस रजेवर, फाईल कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही, आणि सगळे शांतपणे चहा पीत आहेत, तो सावळागोंधळ. एका दाखल्यासाठी मी अशा एका कचेरीत सलग तीन मंगळवार गेलो. तिथे कोणी आवाज चढवला नाही. चौक मांडणारा कोणी असता तर बरे झाले असते, असे मात्र वाटून गेले.

आणि खरा गोंधळ? तो आता आटोपशीर झाला आहे. रात्रभर चालणारे आख्यान दोन-तीन तासांवर आले. कार्यालय भाड्याने घेतलेले असते, पाहुण्यांना परतायचे असते, आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद. काही ठिकाणी गण, आवाहन आणि आरती एवढ्यावर भागते. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडकरूची झोप आता मोडत नाही. त्यामुळे शब्दाचा दुसरा अर्थ वापरणाऱ्या बहुतेकांनी पहिला कधी ऐकलेलाच नसतो, लांबूनसुद्धा नाही.

शब्दांचे अर्थ बदलतात. त्याबद्दल गळा काढण्यात हशील नाही. गोंधळ हा शब्द अव्यवस्थेसाठी खुशाल वापरावा, तो त्या कामात मुरला आहे. एका ठिकाणी मात्र माझी हरकत आहे. बातम्यांत 'गोंधळी आमदार', 'गोंधळी कार्यकर्ते', 'गोंधळी जमाव' असे मथळे येतात. गोंधळी हे विशेषण नाही. ते माणसांचे नाव आहे, एका समाजाचे. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमाती ब या यादीत तो समाज नोंदलेला आहे, शाळेच्या दाखल्यावर मुलांच्या जातीच्या रकान्यात तो शब्द लिहिला जातो. दाखला हातात घेऊन वर्गात उभ्या राहिलेल्या मुलाने त्याच दिवशीच्या पेपरात खुर्च्या फेकणाऱ्यांना आपल्या जातीचे नाव दिलेले वाचावे, हे काही बरे नाही. मथळा लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती, की 'गोंधळ घालणारे' असे लिहा. जागा थोडी जास्त लागेल.